बाथटबमध्ये धुतलेलं वायरिंग

माझ्या सासऱ्यांनी त्यांच्या जुन्या गाडीचं सगळं वायरिंग आमच्या बाथटबमध्ये भिजत घातलं, त्या दिवशी मी दारात उभी राहून म्हणाले, "वा, किती सुंदर!"

ते तीन शब्द मला पुढे साडेतीन महिने पुरले.

वायरिंग म्हणजे दोनचार वायरी नव्हेत. बॅटरीपासून निघून गाडीत जिथे जिथे दिवा, हॉर्न, पंखा, काटा आहे तिथे तिथे जाणाऱ्या सगळ्या वायरींचा एकत्र गुंडाळलेला लांबलचक जुडगा. दुकानात हार्नेस म्हणून मागायचा. टबातल्या तपकिरी पाण्यात तो वेटोळं घालून पडला होता आणि वर माझ्या मुलीचं, एडीचं, पिवळं रबरी खेळणं तरंगत होतं.

"बघ बदके," ते बाह्या सरसावून म्हणाले, "एकोणतीस वर्षांची घाण. आणि आत तांबं बघ कसं लखलखतंय."

इंग्लंडच्या मधोमध असलेल्या आमच्या हिंकली गावात बसचा ड्रायव्हरसुद्धा प्रवाशाला बदक म्हणतो, तेव्हा त्या शब्दाचं काही नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून दुसरं काही बोलणं मला जमलं नाही. मी हसले. मनात एवढंच आलं, की आज एडीला आंघोळ कुठे घालायची.

त्यांचं नाव क्लिफर्ड. लग्न झाल्यापासून त्यांना नावाने हाक मारताना माझी जीभ अडखळायची, म्हणून मी हाकच मारत नसे. समोर जाऊन खोकायची. एडी झाल्यावर तो प्रश्न सुटला. तेव्हापासून मी त्यांना आजोबा म्हणते. एक्केचाळीस वर्षं त्यांनी मोज्यांच्या कारखान्यात विणयंत्रांचं इलेक्ट्रिकचं काम केलं. सासूबाई गेल्यापासून दर मंगळवारी आणि शनिवारी साडेनऊला ते आमच्याकडे येतात. बरोबर चहाचा थर्मास (जणू आमच्या घरी चहा मिळत नाही) आणि महिन्यातून एकदा स्वतः केलेल्या बिटाच्या चटणीची बरणी. ती बरणी हातात घेऊनही मी "वा!" म्हणते. पिठाच्या डब्यामागे अशा सात बरण्या आहेत.

हे वायरिंग जिच्यात बसणार होतं ती नवी गाडी माझ्या नवऱ्याची, लॉइडची. म्हणजे व्हायची होती. चार वर्षांपूर्वी ती खोक्यांतून आली. लोखंडी नळ्यांची चासी, फायबरग्लासचं अंग, बोल्टांच्या पिशव्या आणि तीनशे पानांची पुस्तिका. इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांचा अ‍ॅक्सल आजोबांच्या जुन्या गाडीतून काढला. आपल्या हातांनी गाडी जोडायची आणि उन्हाळ्यात छप्पर नसलेल्या त्या गाडीतून हिंडायचं, हे त्याचं शाळेपासूनचं स्वप्न. गाडीला जागा दोनच. ऑर्डर दिली तेव्हा आम्हीही दोघंच होतो.

"एडीची सीट तुझ्या बाजूला बसेल," लॉइड म्हणाला होता. "मोजून पाहिलंय मी."

"आणि मी? बॉनेटवर?"

"तू मागून दुसऱ्या गाडीने ये."

म्हणजे माझी मुलगी पुढे, त्या उघड्या डब्यात, आणि तिच्या पायांपासून चार बोटांवर एकोणतीस वर्षं जुन्या वायरी. मी द्राक्षाचे चार तुकडे करून देणारी बाई आहे. घरातून निघताना शेगडी बंद आहे का ते बघते, मग दार लावून परत आत जाऊन बघते. त्या वायरी वाकवल्या की करकरत. दोन ठिकाणी वरचं आवरण कडक होऊन तडकलं होतं, तिथे आजोबांनी टेप गुंडाळली होती. मी ठरवून टाकलं, हे वायरिंग गाडीत असेपर्यंत एडी त्या गाडीत बसणार नाही. हे मी अगदी ठामपणे ठरवलं आणि कोणालाही सांगितलं नाही.

नवीन वायरिंग मिळत होतं. कॅटलॉगमधलं ते पान मी इतक्या वेळा उघडलं होतं की पुस्तक टेबलावर ठेवलं तर आपोआप तिथेच उघडे. प्रत्येक वायर नवी, पातळ, आणि दर चार इंचांवर तिच्यावर तिचं नाव छापलेलं. डावा इंडिकेटर. हॉर्न. पेट्रोलचा काटा. मी त्या वायरिंगच्या प्रेमातच पडले. आपण कोण आहोत आणि कुठे निघालो आहोत हे स्वतःच्या अंगावर लिहून येणारी वस्तू! एडीच्या अंगावर असं छापून आलं असतं तर काय हवं होतं. भूक. दात. उगाच.

"लॉइड, तू आजोबांना सांग ना, नवीन घेऊ या म्हणून."

"सांगतो."

"कधी?"

"योग्य वेळ आली की."

लॉइडची योग्य वेळ मला माहीत आहे. एकोणिसाव्या वर्षी त्याने चहातली साखर सोडली. वडिलांना अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या थर्मासमधला दोन चमचे साखरेचा चहा तो आजही डोळे मिटून पितो.

तर मीच काहीतरी करायला हवं होतं, आणि ते काहीतरी मला पान एकसष्टवर सापडलं.

एप्रिलअखेरची दुपार होती. एडी मांडीवर बसून लोणी लावलेला टोस्ट चघळत होती, आणि मी गाडीची पुस्तिका वाचत होते. दात येणाऱ्या मुलाला घेऊन बसलं की माणूस काहीही वाचतो. पान एकसष्टवर लिहिलं होतं, की साध्या गाडीचं अंग पत्र्याचं असतं, त्यामुळे वीज वायरीने दिव्यापर्यंत जाते आणि पत्र्यातून परत येते. परतीच्या वायरी त्या गाडीत घातलेल्याच नसतात. फायबरग्लासमधून मात्र वीज वाहत नाही. तेव्हा जुन्या गाडीचं वायरिंग वापरणार असाल तर प्रत्येक दिव्याला परतीची वायर वेगळी द्या. नाहीतर वीज दुसऱ्याच दिव्यांतून घराकडची वाट शोधते, आणि ब्रेक दाबला की भलतंच काहीतरी पेटतं.

मी एडीला कडेवर घेऊन गॅरेजमध्ये गेले. मागच्या दिव्यांचे छोटे काळे शेपटासारखे तुकडे थेट फायबरग्लासला स्क्रूने आवळलेले होते. परतीची वायर एकही नाही.

जन्मभर लोखंडी यंत्रांत काम केलेला माणूस आणि त्याचा मुलगा, दोघेही विसरले होते!

आता एखाद्या शहाण्या सुनेने काय केलं असतं? धावत जाऊन सांगितलं असतं. पण मी पुढचा विचार केला. मी सांगितलं तर आजोबा शीळ घालत एका दुपारात आठ काळ्या वायरी ओढतील आणि ते जुनं वायरिंग कायमचं गाडीत राहील, वर माझ्या आशीर्वादासकट. त्याऐवजी ते चारचौघांत स्वतःच नापास झालं तर? मग कोणालाच काही बोलावं लागणार नाही. आमच्याकडे कोणालाच काही बोलावं लागू नये, यासाठी लोक वाट्टेल तेवढे कष्ट घेतात.

त्या शनिवारी मी चहा घेऊन गॅरेजमध्ये गेले.

"आजोबा, पहिल्या दिव्याला क्लबला बोलवू या ना. मी केक करते."

पहिला दिवा म्हणजे घरी गाडी जोडणाऱ्यांच्या आमच्या क्लबातली रीत. कोणाच्याही गाडीत पहिल्यांदा वीज सोडायची असली की सगळे जमतात. पहिल्यांदा काय पेटेल, याचा अंदाज जो तो चिठ्ठीवर लिहितो. बरोबर येईल त्याला बिस्किटांचा डबा.

लॉइड गाडीखालून सरपटत बाहेर आला. "तू? क्लबसाठी केक?"

"का? मला हौस नसावी?"

आजोबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "छान कल्पना आहे, बदके. तीन आठवडे द्या मला."

धोका नव्हता हे मी आधीच पाहून ठेवलं होतं. बॅटरीला तोडणारा मोठा लाल स्विच होता, फ्यूज होते, गाडी जागची हलणार नव्हती. एडी त्या दिवशी शेजारच्या बाईंकडे असणार होती. चार वेळा तपासलं.

ते तीन आठवडे मात्र फार वाईट गेले. आजोबा आता मंगळवार, गुरुवार, शनिवार येऊ लागले. गुडघ्याखाली आमच्या सोफ्याची उशी घ्यायचे आणि जुन्या वायरींवर नवी टेप गुंडाळत राहायचे. एडी शेजारी बसून टेपचं रीळ चावायची.

"ही हिरवी," ते तिला सांगत. "हिरवीवर पांढरी रेघ असली की उजवीकडे वळायचं. हिरवीवर लाल रेघ असली की डावीकडे. तुझ्या बापाला हे सहाव्या वर्षी पाठ होतं. भूगोल मात्र कधी आला नाही."

उठताना ते एका हाताने चाक धरायचे, दुसऱ्याने माझा खांदा. "उठवा रे या म्हाताऱ्या क्रेनला!"

एकदा चहा पिताना त्यांनी मध्येच विचारलं, "तुला वाचायची फार आवड ना, बदके?"

"इतिहासाची पदवी आहे माझी, आजोबा."

"हं." त्यांनी कपात बिस्कीट बुडवलं. "मग काही सांगण्यासारखं वाचलंस तर सांगत जा. आम्ही काय, अडाणी माणसं."

मी म्हटलं, "केक लिंबाचा करू की कॉफीचा?"

मेच्या शेवटच्या शनिवारी अकरा वाजता गॅरेजसमोर दहाबारा माणसं, तीन घडीच्या खुर्च्या आणि एक कुत्रं जमलं. डोरीन चिठ्ठ्यांची टोपी घेऊन फिरत होती. डोरीन क्लबची सेक्रेटरी. तिने दोन गाड्या स्वतः जोडल्या आहेत आणि एक नवरा, तिच्याच म्हणण्याप्रमाणे, अर्धवट सोडला आहे.

"लिहा लिहा! धूर निघेल असं लिहायचं असेल तर कुठून ते स्पष्ट लिहा. मागच्या वेळी नुसतं 'धूर' लिहून तिघांनी डबा मागितला होता."

माझ्याजवळ आली तेव्हा मला मोह आवरला नाही. मी लिहिलं, 'ब्रेक दाबल्यावर समोरच्या काट्यांमागचे दिवे लागतील.' चिठ्ठीची चार वेळा घडी घातली.

मग आजोबा घरातून आले. त्यांनी टाय बांधला होता.

गडद निळा, वर छोटे चंदेरी मोजे विणलेले. कारखान्यातून निवृत्त होताना दिलेला. तो त्यांनी आमच्या लग्नात घातला होता, सासूबाईंना निरोप देताना घातला होता, आणि आता या गाडीत बसायला घातला होता. एक पाय आत, मग हाताने उचलून दुसरा पाय आत, अशा रीतीने ते चालकाच्या जागेवर बसले. लाल स्विच फिरवला. चावी फिरवली. त्यांनी बूट ब्रेकवर ठेवला.

त्या बुटाला पॉलिश केलेलं होतं.

"थांबा!" मी ओरडले.

कुत्रं भुंकलं. दहाबारा डोकी वळली.

"आजोबा, दाबू नका. फायबरग्लास आहे हो ते! मागच्या दिव्यांना परतीची वायरच नाहीये. ब्रेक दाबलात की भलतेच दिवे लागतील. पान एकसष्टवर आहे."

कोणीतरी चहा ढवळू लागलं. आमच्याकडच्या लोकांना दुसऱ्याची फजिती बघवत नाही. ते ताबडतोब आपल्या कपात बघू लागतात. सगळ्यांनी आपापल्या कपात पाहिलं.

"परतीची वायर," आजोबा हळूच म्हणाले. "पान एकसष्ट म्हणालीस?"

आणि त्यांनी ब्रेक दाबला.

मागचे दोन्ही दिवे लागले. लालभडक, स्थिर, चारचौघांसारखे. समोरच्या काट्यांमागे ठणठणीत काळोख. त्यांनी डावा इंडिकेटर लावला, डावाच लुकलुकला. उजवा लावला, उजवाच. धुक्याचा दिवा. हॉर्न. हॉर्नवर त्यांनी हात जरा जास्तच वेळ ठेवला.

"आठ काळ्या वायरी," ते म्हणाले. "एप्रिलपासून आहेत. गाडीतल्या गालिच्याखालून नेल्या, म्हणून तुला दिसल्या नाहीत. पान एकसष्टवर मला टोस्टचे तुकडे सापडले, आणि लोण्यात उमटलेली पाच बोटं. इवलीशी. म्हटलं, एडीने तर वाचलं नसणार."

डोरीनने टोपीत हात घालून चिठ्ठी उघडली. "'ब्रेक दाबल्यावर समोरच्या काट्यांमागचे दिवे लागतील.' अक्षर इतिहासाच्या पदवीधराचं." तिने माझ्याकडे पाहिलं. "टॅम्सिन, अगं काय हे!"

हसण्याचा जो गडगडाट झाला, त्यात माझा नवराही होता हे मी नोंदवून ठेवलं.

"रोज वाट बघत होतो मी," आजोबा म्हणाले. "आज बोलेल, उद्या बोलेल. मुद्दाम वाचनाचा विषयसुद्धा काढला. तर म्हणे केक लिंबाचा की कॉफीचा! माझी फजिती बघायची होती का गं?"

"नाही हो!" मी म्हणाले. मग म्हणाले, "हो." मग मला रडू यायला लागलं आणि त्याच सुरात बाकीचं सगळं बाहेर पडलं. "तुमची नाही, त्या वायरिंगची! मला ते वायरिंगच नकोय, आजोबा. जुनं झालंय ते. वाकवलं की करकरतं. दोन ठिकाणी तडकलंय. तिथे एडीचे पाय येणार आहेत. मला नवीन हवंय, नावं छापलेलं."

आता तर लोक कपांत बुडालेच. चारचौघांत, केक कापायच्या आधी, कोणीतरी सरळ 'नकोय' म्हणालं होतं. डोरीनने कुत्र्याचेसुद्धा डोळे झाकायला घेतले होते.

आजोबांनी लाल स्विच बंद केला.

"नकोय तुला?"

"नकोय."

"पण तू तर म्हणालीस, किती सुंदर!"

"तुम्ही ते आमच्या बाथटबमध्ये धूत होतात! दुसरं काय म्हणणार होते मी?"

त्यांनी मान वळवली. "लॉइड, तुला तरी हवंय ना?"

लॉइडच्या हातात पाना होता. तो त्याने एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "म्हणजे... बाबा, तुम्हाला हवं होतं म्हणून..."

"मला?" आजोबा स्टिअरिंगला धरून अर्धे उभे राहिले. "मला? अरे गाढवा, माझे गुडघे गेले! नखांत टेपचा डिंक बसलाय, ब्रेडला त्याचा वास येतो! मला कशाला हवंय? तूच म्हणालास, जुन्या गाडीचं वायरिंग जपलं तर बरं वाटेल."

"तुम्हाला बरं वाटेल, असं म्हणायचं होतं मला."

"मग तसं म्हणायचं ना!"

"तसं कसं म्हणणार? तुम्ही म्हणाला असतात, माझ्यासाठी कशाला."

"म्हणालोच असतो!"

डोरीन मध्ये आली. "एक मिनिट. मला क्लबचं इतिवृत्त लिहायचं असतं. म्हणजे तिघांनाही नको असलेलं वायरिंग तुम्ही तीन महिने बसवत होतात?"

"साडेतीन," आजोबा म्हणाले.

"एकमेकांना बरं वाटावं म्हणून," तिने वाक्य पुरं केलं.

लॉइडने पाना खिशात घातला.

"माझा अख्खा संसार असाच झाला," डोरीन म्हणाली आणि टोपीतल्या उरलेल्या चिठ्ठ्या उघडू लागली. कोणी हेडलाइट लिहिला होता, कोणी धूर, डावीकडून. शेवटची चिठ्ठी तिने दोनदा वाचली. मग बिस्किटांचा डबा गाडीत बसलेल्या आजोबांच्या मांडीवर ठेवला.

पहिल्यांदा काय पेटेल, याखाली त्यांनी एकच शब्द लिहिला होता. 'टॅम्सिन.'

कॅटलॉग त्याच दुपारी टेबलावर आला, आणि पाच मिनिटांत आम्ही पुन्हा होतो तिथेच.

"तुला हवं ते घे," लॉइड म्हणाला.

"मला काहीही चालेल," आजोबा म्हणाले. "तुम्हा दोघांना आवडेल ते."

"मलाही तसं..." मी सुरुवात केली, आणि थांबले. बोट ठेवलं. "हे. बारा फ्यूजचं. मागचा भाग वेगळा सोडवता येतो ते. आणि प्रत्येक दिव्याला परतीची वायर आहे, मी मोजल्या आहेत."

"तेच," आजोबा म्हणाले. "पण बसवणार तू."

"मी?"

"मी खुर्चीत बसून सांगणार. गुडघे आता तुझे."

जून आणि अर्धा जुलै माझे गुडघे त्या उशीवर गेले. वायरीचं टोक सोलायचं, पितळी टोपण चढवायचं, पकडीने दाबायचं, मग ओढून बघायचं. मी प्रत्येक टोक तीनदा ओढून बघायची. आजोबा खुर्चीतून म्हणायचे, "सुटलं तर नाही अजून? ओढ आणखी. गाडी तुटेपर्यंत ओढ." पण त्यांनी मला एकदाही घाई केली नाही. एडी शेजारी बसून नावं छापलेल्या वायरींचे उरलेले तुकडे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात भरायची. एक तुकडा तिने चावून पाहिला. त्यावर हॉर्न लिहिलेलं होतं. मी दिवसभर तिचं तोंड तपासत होते.

सरकारी तपासणीला आम्ही चौघंही गेलो. तपासनीस आरसा घेऊन गाडीखाली गेला, वर आला, धुक्याचा दिवा हेडलाइटशिवाय लागतो का ते पाहिलं (लागत नाही, तसाच नियम आहे) आणि विचारलं, "वायरिंग कोणी केलं?"

दोन पुरुषांनी इतक्या चपळाईने माझ्याकडे बोट दाखवलं, की मला वाटलं आता बेड्या पडतात.

तो म्हणाला, "व्यवस्थित आहे." आमच्या भागात एवढ्या कौतुकावर लोक निवृत्त होतात.

मग राहिलं ते एकच. ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी एडीची सीट त्या गाडीत बसवली. पट्टे मी आवळले. लॉइडने ते ओढून पाहिले. मग मी परत ओढून पाहिले. एडीला कानांपर्यंत लोकरीची टोपी घातली.

लॉइड चावी घेऊन चालकाच्या बाजूला निघाला.

"मी चालवणार," मी म्हणाले.

त्याने तोंड उघडलं. त्याच्या मनात 'तुला हवं तसं' येत होतं, मला दिसत होतं. मग तो म्हणाला, "मला वाईट वाटेल. चार वर्षं वाट पाहिली आहे मी."

लग्नानंतर पहिल्यांदाच तो इतकं सरळ काही बोलला होता. मी विचार केला.

"परत येताना तू," मी म्हणाले. "जाताना मी. वायरिंग माझं आहे."

आजोबांचा भाजीचा वाफा गावाबाहेर दोन मैलांवर. लॉइड आणि आजोबा आमच्या रोजच्या गाडीतून मागे येत होते. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं. मी ताशी वीस मैलांवर चालवत होते, तीनदा हुंगून पाहिलं. गवताचा वास येत होता, शेणाचा येत होता, जळल्याचा नव्हता. वळणावर इंडिकेटर लावला की समोर हिरवा बाण लुकलुकायचा आणि एडी त्याला बोट दाखवून काहीतरी ओरडायची. वाटेतल्या लहानशा पुलावर तिने हात लांब करून धुक्याचा दिवा लावायचा प्रयत्न केला. तो अर्थातच लागला नाही. मी खूश झाले, माझंच काम होतं ते.

वाफ्यावर उतरले तेव्हा आधी दिसल्या त्या शेंगा. आठ फूट उंच काठ्यांवर वेल चढले होते, आणि प्रत्येक काठीला वेल बांधला होता तो रंगीत वायरीने. हिरवीवर पांढरी रेघ. हिरवीवर लाल. तपकिरी, निळी, आणि मध्येमध्ये काळी.

"एकोणतीस वर्षं टिकली," आजोबा मागून येत म्हणाले. "शेंगांना काय, आणखी एकोणतीस पुरेल. काळीचं टोक मात्र जमिनीत खोल पुरलंय, परतीची वायर म्हणून. पान एकसष्ट."

त्यांनी छपरीतून घडीचं टेबल काढलं, ब्रेड कापला, चीज ठेवलं आणि ताजी बरणी उघडली. बिटाची चटणी. ब्रेडवर जाड थर लावून माझ्यापुढे धरली.

"यंदाची पहिली. सांग कशी झालीय."

मी खाल्ली. तोंडात व्हिनेगर, माती आणि लवंग एकाच वेळी आले. 'वा' ओठांवर आलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते.

"आजोबा," मी म्हणाले, "मला नाही आवडत. कधीच आवडली नाही. घरी पिठामागे सात बरण्या आहेत."

त्यांनी सुरी खाली ठेवली.

"मलाही नाही आवडत," ते म्हणाले. "बिटाने मला ढेकर येतात. पण करावी लागते दर वर्षी. लॉइडचा जीव आहे तिच्यावर."

आम्ही दोघांनी लॉइडकडे पाहिलं.

त्याचा ब्रेड तोंडापाशी थांबला होता, आणि थर्मासमधला चहा पिताना मिटतो तसे त्याने डोळे मिटले होते. बिटाचा एक लाल थेंब त्याच्या हनुवटीवरून घरंगळून शर्टावर पडला. एडीने त्याला बोट दाखवलं आणि ओरडली.